एक बोजारा, पाच ठिकाणं: विनोदी कलाकाराच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

ज्याच्या दिवसाची ही नोंद आहे, त्याला नागपुरात लोक चेहऱ्यापेक्षा आवाजावरून जास्त ओळखतात. त्याचं नाव त्याच्याच सांगण्यावरून इथे देत नाही. ऑटोवाल्यापासून आयोजकांपर्यंत सगळे त्याला भाऊ म्हणतात, तेच मीही वापरते. मी त्याच्या तारखा लिहून ठेवते, मानधन ठरवते, उरलेले पैसे वसूल करते आणि कार्यक्रम चालू असताना विंगेत घड्याळ घेऊन उभी राहते. हे मी नऊ वर्षं करते आहे. तो मला ताई म्हणतो.

विनोद करू पाहणारी मुलं-मुली हल्ली आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: रेडिओ आणि स्टेज दोन्ही एकत्र सांभाळता येतं का? येतं. पण कसं, ते दोन वाक्यांत सांगून कळत नाही, म्हणून एक अख्खा दिवस लिहून काढते आहे. तान्हा पोळ्याचा हा दिवस मी मुद्दाम निवडला. त्या दिवशी भाऊने एकच किस्सा पाच ठिकाणी सांगितला. एका ठिकाणी तो साफ पडला, एका ठिकाणी तो आधीच ऐकलेला निघाला, आणि रात्री तो असा उभा राहिला की मी घड्याळ बघायचं विसरले.

पाच कार्यक्रम एका दिवसात का?

बाहेरच्याला हा हावरटपणा वाटतो. तो तसा नाही हे आधी सांगायला हवं.

भाऊ सकाळी सात ते दहा एका खासगी एफएम वाहिनीवर असतो. त्याचे महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात. घरभाडं आणि मुलीची फी त्यातून भागते. स्टेजचा पैसा मात्र हंगामी. गणपतीपासून तो सुरू होतो, पितृपक्षाचे पंधरा दिवस एकदम थांबतो, मग नवरात्र, कोजागिरी, दिवाळी. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा शहरात पाहुण्यांची गर्दी असते, त्यातही काही कार्यक्रम मिळतात. लग्नसराईत संगीताच्या रात्री असतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उघड्या मैदानावर कोणी खुर्च्या मांडत नाही. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने कमवायचं आणि बाकीचे महिने त्यावर काढायचे. कंपनीचा कार्यक्रम असला तर हातात यायच्या आधी १० टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मिळायला विवरणपत्र भरून वाट बघावी लागते. अशा माणसाला हंगामाच्या दारात आलेली तारीख नाकारता येत नाही. मीही त्या दिवशी नाकारली नाही. एक नाकारायला हवी होती, ते पुढे येईलच.

रेडिओच्या करारात एक गोष्ट आहे जी नव्या मुलांना कोणी सांगत नाही. सकाळच्या सदराचं नाव आणि त्यातल्या पात्राचं नाव वाहिनीच्या मालकीचं असतं. भाऊ ते पात्र स्टेजवर उभं करू शकत नाही, मग पुढच्या रांगेतून कितीही फर्माईश होवो. पहिल्या मसुद्यात तर 'सर्व मजकूर' वाहिनीचा असं लिहिलेलं होतं. त्या दोन शब्दांवर सही झाली असती तर त्याने सकाळी बोललेला प्रत्येक विनोद संध्याकाळी त्याचा राहिला नसता. ते शब्द बदलून 'सदराचं व पात्राचं नाव' एवढंच करून घ्यायला मला तीन आठवडे लागले. नऊ वर्षांत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं असं विचारलं तर मी हेच सांगेन.

किस्सा

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी नंदीबैल सजवतात, दोरी धरून घरोघरी नेतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या नावाने मुलाच्या हातावर ठेवलेले पैसे किंवा खाऊ. त्याच दिवशी इतवारी-महालात मारबतींची, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून केलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. "इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असा पुकारा होतो, आणि बरोबर बडगे निघतात. त्या वर्षी गावाला जे जे छळतं आहे त्याचे पुतळे, पाट्या लावलेले. महागाई, खड्डे, पुढारी, परदेशी शत्रू, कोणी सुटत नाही. या शहराला विनोद बाहेरून शिकावा लागलेला नाही. तो दरवर्षी रस्त्यावरून चालत जातो आणि शेवटी त्याला आग लावतात.

पण एफएमवर बडग्यांचा विनोद करता येत नाही. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय घडामोडींवरचं बोलणं प्रसारित करायची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, रहदारी आणि हवामान सांगता येतं. म्हणजे मिरवणुकीमुळे कोणता रस्ता बंद आहे हे भाऊ सांगू शकतो, पण बडग्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचून त्यावर बोलू शकत नाही. पाचही ठिकाणी चालेल असा विषय शोधताना म्हणूनच तो बोजाऱ्यावर आला.

किस्सा असा. एक पोरगा नंदीबैल घेऊन फ्लॅटचं दार वाजवतो. आतले काका चार बोटं दार उघडून म्हणतात, "चिल्लर नाही रे बाबू." पोरगा शांतपणे बैल फिरवतो. बैलाच्या पाठीवर, झुलीच्या जागी, क्यूआर कोड. काकांचा नाइलाज होतो, ते एक रुपया पाठवतात. आणि बैलाच्या पोटातून किराणा दुकानातल्या डब्यासारखी बाई बोलते: "एक रुपया प्राप्त हुआ."

एवढाच. कागदावर बेताचाच वाटतो, मला माहीत आहे. पण त्या बाईचा आवाज भाऊ असा काढतो की ऐकणारा आपल्या खिशातला फोन चाचपतो.

सकाळ: चाळीस सेकंद

पाच वाजता उठून कोमट पाणी, जेष्ठमधाची काडी. महालात त्याच्या घराखालीच पहाटे तर्री-पोह्याची गाडी लागते, पण माइकसमोर बसायच्या दिवशी तो तर्रीला हात लावत नाही. तिखटाने घशाशी आंबट येतं आणि मग तीन तास खाकरत बसावं लागतं. खाकरण्याने आवाज आणखी सुजतो. मिरवणुकीमुळे परतीचे रस्ते बंद होणार हे माहीत असल्याने दुपारचे आणि रात्रीचे कपडे त्याने पिशवीत घेतले होते.

रेडिओवर दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्याला लिंक म्हणतात. भाऊची लिंक साधारण चाळीस सेकंदांची. पुढच्या गाण्याची सुरुवातीची वाद्यं वाजायला लागतात, त्यावर तो बोलतो, आणि गायकाचा आवाज लागायच्या आत त्याला बाहेर पडावं लागतं. एक अक्षर गाण्यावर सांडलं तरी ऐकणाऱ्याला खटकतं. त्यामुळे किस्सा कापावा लागतो. त्या सकाळी त्याने दार उघडणारे काका पूर्ण काढून टाकले. पोरगा, बैल, आणि थेट पोटातला आवाज. लगेच गाणं.

स्टुडिओत हसायला कोण असतं? काचेपलीकडे निर्माती मुलगी, शेजारी सहनिवेदक. शहरात किती जण हसले हे कळायला मार्ग नाही. शिवाय रेडिओवर थांबता येत नाही. दोन-तीन सेकंद आवाज आला नाही की गाडीतल्या माणसाला वाटतं वाहिनी बंद पडली, आणि त्याचं बोट पुढच्या वाहिनीवर जातं. या धंद्यात त्याला डेड एअर म्हणतात आणि सगळे त्याला घाबरतात. सकाळी सात ते दहा, तीन तास, भाऊच्या तोंडाला हीच सवय लागलेली असते: विनोद संपला की क्षणभरही न थांबता पुढे जायचं.

कानांवर हेडफोन असतो, स्वतःचा आवाज जवळून, जाड ऐकू येतो. चार बोटांवर माइक असल्याने कुजबुजलं तरी पुरतं. ही सगळी सोय आहे, आणि त्या सोयीचा हिशेब दुपारी द्यावा लागला.

आकाशवाणी

अकरा वाजता सिव्हिल लाइन्समध्ये आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण होतं, संध्याकाळी ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमात जाणारं. या केंद्राबद्दल मला माया आहे. १६ जुलै १९४८ ला ते सुरू झालं. आमच्या घरी बाबा ५८५ किलोहर्ट्झची सुई न बघता लावायचे. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणाऱ्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांसारख्या माणसाने इथे काम केलं आहे. एफएमचा आवाज शहर आणि आजूबाजूच्या गावांपर्यंत जातो. मध्यम लहरींचा पार गडचिरोलीच्या शेतापर्यंत.

आणि तिथेच अडचण होती. शहरातल्या मुलाचा लाकडी बैल ज्याला गंमत वाटतो, तोच किस्सा ज्याने परवा संध्याकाळी खऱ्या बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, त्याने कसा ऐकायचा? आकाशवाणीला संहिता आठ दिवस आधी द्यावी लागली होती, म्हणून या किस्स्याचं लिखित रूप मुळात शेतकऱ्यासाठीच तयार झालं होतं. लिहिताना भाऊ दोन दिवस अडला होता. मग त्याने शेवट बदलला. क्यूआर कोडवाल्या बैलावरून तो झडतीवर आला. पोळ्याच्या तोरणाखाली शेतकरी एकमेकांना ज्या चिमटे काढणाऱ्या ओळी ऐकवतात त्या झडत्या. विदर्भात विनोदाची ती पहिली शाळा. भाऊची झडती अशी:

"लाकडाच्या बैलाले बोजारा शंभर,
खऱ्या बैलाच्या मालकाचा कर्जात नंबर!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

ध्वनिमुद्रण पहिल्याच प्रयत्नात झालं. संहितेतला शब्द न शब्द तसाच, नेमका चार मिनिटांत. काचेमागचे अधिकारी हसले नाहीत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझा बाप असाच बोलायचा." भाऊ बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसला. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं लेखन ते होतं, आणि त्याला टाळी मिळायची काहीच सोय नव्हती.

जेवणाची वेळ

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दीड वाजता कार्यक्रम होता. रस्ते बंद असल्याने आम्ही गाडी सोडून मेट्रो धरली: झीरो माइलहून सीताबर्डी, तिथे बदलून लोकमान्यनगर. सीताबर्डीला डब्यात तीन पोरं नंदीबैल मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ त्यांच्याकडे बघत होता, पण बोलला नाही, आवाज राखायचा म्हणून.

कार्यक्रम पडला. लपवण्यात अर्थ नाही.

जेवणाचा हॉल म्हणजे उंच पत्र्याचं छप्पर असलेली शेड. अशा जागेत आवाज छपरावर, भिंतींवर आपटून परत येतो आणि आधीच्या शब्दाचा शेवट पुढच्या शब्दावर चढतो. तिथे हळू, तोडून बोलावं लागतं. ताटांचा खडखडाट वेगळाच. ऐकणाऱ्यांतले निम्मे दुसऱ्या राज्यांतून आलेले कामगार. त्यांना तान्हा पोळा माहीत नाही आणि बोजारा हा शब्दही नाही. भाऊने हिंदीत सांगायला घेतलं, पण बोजारा म्हणजे काय हे सांगण्यातच विनोदातली हवा गेली. शेवटचा "एक रुपया प्राप्त हुआ" मात्र सगळ्यांना कळला. पहिल्या दोन टेबलांवर हसू फुटलं. मागच्या टेबलांपर्यंत ते पोचतंय तोवर भाऊ पुढच्या किस्स्यात शिरला होता. आलेलं हसू त्याने स्वतःच तुडवलं. लोकांना वाटलं की हसायला वेळच नाही, मग ते जेवायला लागले.

मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी तालमीत जो भाग चार मिनिटांचा होता, तो त्याने तिथे दोन मिनिटं पन्नास सेकंदांत उरकला. सकाळचे तीन तास अजून त्याच्या जिभेवर होते. रेडिओवर ज्या शांततेला तो घाबरतो, त्याच शांततेत स्टेजवरची माणसं हसतात. ती त्यांना दिलीच नाही तर ती कुठे हसणार? बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, माया कान बंद होऊन गेलता. मी बोलूनच रायलो होतो, आयकून नाही रायलो."

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते त्याच्या या वाक्यात आहे. रेडिओवरून स्टेजवर येताना आवाज बदलावा लागतो, वेग बदलावा लागतो, हे सगळे शिकवतात. कान परत उघडावे लागतात, हे कोणी शिकवत नाही. सकाळभर हेडफोनमध्ये स्वतःलाच ऐकलेल्या माणसाला दुसऱ्याचं हसू ऐकू यायला वेळ लागतो. निदान भाऊला लागतो, आणि त्याच्यासारख्या आणखी दोघांना मी असंच पडताना पाहिलं आहे.

चूक माझीही होती. जेवणाच्या वेळी ताटं समोर असताना बोलायचा कार्यक्रम घेऊच नये, हे मला माहीत होतं. मानधन चांगलं होतं म्हणून मी हो म्हटलं. ऐकणाऱ्यांत मराठी किती आणि बाहेरचे किती, हा एक प्रश्न फोनवर विचारला असता तरी दुसरा किस्सा काढता आला असता. तो मी विचारला नाही. ती माणसं सकाळपासून यंत्रांवर उभी होती, त्यांना त्या अर्ध्या तासात खरंच हसायला हवं होतं. ते आम्ही देऊ शकलो नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मधले दोन तास

महालात परत जाणं शक्य नव्हतं. सुभाषनगरला माझ्या घरी आलो. तिथे दोन तास भाऊ एक शब्द बोलला नाही. कुजबुजलाही नाही, कारण कुजबुजण्याने घसा उलट जास्त ताणला जातो. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची दर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडझाप होते. सकाळपासून त्या बिचाऱ्यांनी किती काम केलं असेल याचा हिशेब करून बघा. काय हवं ते तो माझ्या मुलाच्या पाटीवर लिहायचा. वरण-भात, वाफ, झोप. उठल्यावर पाटीवर लिहिलं: "रात्रीचा किस्सा बदलायचा?" मी लिहिलं: "आधी मुलं."

मुलं

साडेपाचला बेसा भागातल्या एका सोसायटीचा तान्हा पोळा. पाऊस उघडला होता. पार्किंगमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली पन्नासेक नंदीबैल ओळीने. काही तळहाताएवढे, एक तर मुलापेक्षा उंच. मुलं धोतर-फेट्यात. भाऊने आधी परीक्षकाचं काम केलं, बैलांची नावं विचारत फिरला. हे बरं झालं. वीस मिनिटं तो फक्त ऐकत होता.

मग माइक हातात घेतला. पोरगा, दार, काका, "चिल्लर नाही रे बाबू." भाऊने बैल फिरवायचा अभिनय केला, आणि तोंड उघडायच्या आत तिसऱ्या रांगेतून सातवीतला एक मुलगा त्या बाईच्या आवाजात ओरडला:

"एक रुपया प्राप्त हुआ!"

सगळं पार्किंग हसलं. मुलगा सकाळी रेडिओवर ऐकून आला होता. सकाळच्या चाळीस सेकंदांनी संध्याकाळचा शेवट खाल्ला होता. रेडिओवर गेलेला विनोद परत आपल्या हातात येत नाही. हजारो लोकांच्या तोंडी तो दिवसभर फिरत असतो आणि संध्याकाळी तुमच्याआधी स्टेजवर पोचतो.

दुपारचा भाऊ असता तर त्याने ते ऐकलं-न-ऐकल्यासारखं करून स्वतःचा शेवट पुन्हा म्हटला असता. तो थांबला. माइक खाली घेतला, त्या मुलाकडे बघितलं.

"तू सांग ना मंग. पुढं काय झालं?"

"काही नाही काका. नाही झालं प्राप्त."

"काहून बे?"

मुलाने खांदे उडवले. "आमच्या पार्किंगमध्ये बैलाला रेंजच नाही येत."

आई-बाबा लोक जे हसले, ते आपापल्या फोनकडे बघत हसले, कारण खरंच तिथे कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. भाऊही हसला. मी त्याला स्टेजवर मनापासून हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे. मग त्याने आपला किस्सा सोडूनच दिला. अर्धा तास मुलांना एकेक करून पुढे बोलावलं आणि त्यांच्या बैलांना रेंज कुठे येते ते विचारत राहिला. एकीने सांगितलं आजीच्या देवघरात, एकाने सांगितलं गच्चीवर टाकीच्या मागे.

निघताना तो त्या मुलाला शोधत गेला. गुडघ्यावर बसला. "हे रेंजवालं मी रात्री माझ्या प्रयोगात सांगू का? तुझं आहे, म्हणून विचारतो."

मुलाने विचार केला. नंदीबैलाची दोरी पुढे केली. "बोजारा द्या."

"किती?"

"वीस रुपये."

भाऊने रोख दिले.

रात्र

लक्ष्मीनगरकडे जाताना गाडीत भाऊ पुन्हा गप्प होता, पण हात चालू होते. दोन्ही हात डोक्यावर धरून काहीतरी उचलल्यासारखं करायचा, मान वर, मग खाली. चालकाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मानेने सांगितलं, ठीक आहे.

साडेआठचा तिकिटाचा प्रयोग. मंचामागे मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ध्वनिव्यवस्थेत मंचावरचा स्पीकर कमी करायला लावलाय, म्हणजे स्वतःचा आवाज कमी आणि प्रेक्षकांचा जास्त ऐकू येईल. दुसरी, पहिल्या हशानंतर मनात चार मोज. तो म्हणाला, "तीन." मी म्हटलं, "चार."

बोजारा त्याने पाऊण तासानंतर काढला. आता दारातले काका परत आले होते, सकाळी कापलेले. चार बोटं दार उघडून बाहेर बघणारा तो माणूस भाऊने नुसत्या एका डोळ्याने उभा केला. ही गोष्ट रेडिओवर होऊच शकत नाही. क्यूआर कोड आला. प्रेक्षकांतल्या काहींनी सकाळी ऐकलेलं होतं, ते पोटातल्या बाईच्या आवाजाची वाट बघत पुढे सरकले. भाऊने तोंड उघडलं, आणि काहीच आवाज आला नाही.

एक, दोन, तीन, चार.

"काका... बैलाले रेंज नाही."

मग तो पोरगा बैल डोक्यावर धरतो. काका फोन वर धरतात. दोघं जिन्याने एकेक मजला चढायला लागतात. प्रत्येक मजल्यावर एक दार चार बोटं उघडतं, "काय झालं जी?", "रेंज शोधून रायलो", आणि तो माणूसही मागे चालू लागतो. ज्या इमारतीत दहा वर्षांत कोणी कोणाचं नाव विचारलं नाही, ती अख्खी इमारत एका लाकडी बैलामागे गच्चीवर पोचते. पाण्याच्या टाकीमागे. सगळे वर बघताहेत. भाऊ मंचाच्या मधोमध, दोन्ही हात वर, डोक्यावर नसलेला बैल धरून, हलत नाही.

मी विंगेत होते. सभागृहात कोणी खोकलं नाही. मी मोजायला सुरुवात केली होती, सहापर्यंत आले आणि सोडून दिलं.

मग अगदी बारीक, पोटातून: "एक रुपया प्राप्त हुआ."

साडेआठ मिनिटांचा झाला किस्सा. सकाळी चाळीस सेकंदांत मावला होता.

नंतर काय बदललं

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच निर्मातीचा फोन आला. रात्री प्रयोगाला आलेल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं, आणि तिला सातच्या पहिल्या लिंकमध्ये रेंजवाला बैल हवा होता. भाऊने नम्रपणे नाही म्हटलं. गणपतीचे दहा दिवस त्याचे मंडळांचे कार्यक्रम होते. ते झाले की देतो, म्हणाला, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी खरंच दिला. निर्माती आधी नाराज झाली, पण तिनेच पुढे आम्हाला एक सोय करून दिली: ज्या दिवशी संध्याकाळी प्रयोग असेल त्या सकाळी भाऊ श्रोत्यांचे फोन घेतो. त्यात त्याला ऐकावं लागतं, आणि स्वतःचा नवा मजकूर खर्च होत नाही.

तारखांच्या बाबतीत मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. रेडिओच्या दिवशी दुपारी तीनच्या आत स्टेज नाही, आणि ताटं वाढलेली असताना कार्यक्रम नाही, मानधन कितीही असो. त्यामुळे त्या हंगामात आमच्या दोन तारखा गेल्या. कारखान्याच्या लोकांना मी फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी पाळी सुटल्यावर, खुर्च्या मांडून, अर्ध्या मानधनात येतो. ते जानेवारीत झालं. तेव्हा भाऊने आधी कामगारांना विचारलं की तुमच्या गावी बैलाचा सण कधी असतो, आणि पहिली दहा मिनिटं तेच बोलले.

भाऊची एक जाड वही आहे. कोणता विनोद कधी, कुठे, किती मिनिटांचा झाला आणि कोणाकडून आला, ते तो झोपायच्या आधी लिहितो. त्या रात्री साडेअकराला घरी पोचल्यावर, ताटात सावजी रस्सा वाढलेला असताना त्याने ती उघडली. मी नंतर बघितली. तारखेखाली पाच ओळी होत्या. पहिल्या चार ओळींत ठिकाणं आणि मिनिटं. पाचवी अशी:

"रेंज नाही. सातवीतला पोरगा, बेसा. वीस रुपये बोजारा दिला."